खोली थंडगार, टँक कोमट, आणि रात्रीची झोप उडालेली

वाचकाचं पत्र थोडक्यात असं: "माझ्याकडे एक लेपर्ड गेको (पाल) आणि एक बॉल पायथन (साप) आहे, दोघंही मोठे, दोन वेगळ्या काचेच्या टँकमध्ये, वर जाळीचं झाकण. माझ्या खोलीत हीटिंग नाही, एक भिंत बाहेरची आहे, थंडीत रात्री 12-13 अंशांपर्यंत उतरतं. दोन्ही टँकखाली हीट मॅट (विजेवर तापणाऱ्या चटया) आहेत, पण थर्मोस्टॅट सारखा कट व्हायचा आणि काचेवर चिकटवलेला थर्मामीटर 22 च्या वर जायचाच नाही, म्हणून थर्मोस्टॅट काढून मॅट डायरेक्ट प्लगमध्ये लावल्यात. तरी फरक नाही. रात्री दोन-तीनदा उठून टँकमध्ये गरम पाण्याच्या बाटल्या बदलणं चालू आहे. गेको तीन आठवडे खात नाहीये, पायथनने मागच्या आठवड्यात गिळलेला उंदीर ओकून टाकला. घरचे म्हणतात की हे थंड रक्ताचे प्राणी, ह्यांना कसली आलीये थंडी, आणि लाइटबिलावरून रोज वाद. अजून मोठी मॅट घेऊ, रात्रभर रूम हीटर लावू, की दोघांना सरळ कुणाला तरी देऊन टाकू? माझ्याच्याने हे होणार नाही असं वाटायला लागलंय."

बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, पण थर्मोस्टॅट आधी परत लावा, आत्ता. थर्मोस्टॅटशिवाय चालणारी मॅट काचेला आतून 45 अंशांच्या वरही नेऊ शकते, आणि तुमच्या थंड खोलीत हा धोका कमी होत नाही, उलट वाढतो. कारण आजूबाजूची हवा गार असली की प्राणी त्या एकाच गरम जागेला पोट लावून पडून राहतो, तिथून हलायला तयार नसतो, आणि सरपटणारे प्राणी खालून भाजत असताना वेळेवर बाजूला होतील ह्याचा काही भरवसा नसतो. पोटाची चामडी भाजून निघते आणि आपल्याला कळतं ते दोन-चार दिवसांनी, खवल्यांचा रंग बदलल्यावर. तेव्हा आज दोघांनाही हळूच उचलून पोट नीट बघा. लालसर, तपकिरी किंवा सुजलेलं काही दिसलं तर क्रीम-बीम लावत न बसता सरळ सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या व्हेटकडे जा.

आता तुम्ही म्हणता थर्मोस्टॅट सारखा कट व्हायचा. मला वाटतं तो बरोबरच काम करत होता. मॅट हवा गरम करत नाही, ती करते फक्त तिला टेकलेली काच आणि त्या काचेला टेकलेलं जे काही असेल ते. म्हणजे मॅटच्या वरची जमीन 32 ला पोचली की थर्मोस्टॅट बंद करणार, आणि त्याच वेळी चार बोटं वरची हवा 18 असू शकते, ह्यात कुठलंच यंत्र बिघडलेलं नाही. आणि तुमचा थर्मामीटर आहे कुठे तर काचेच्या मधोमध चिकटवलेला! तो धड जमिनीचं सांगत नाही, धड हवेचं नाही, तो सांगतो त्या गार काचेचं. तुम्ही त्या 22 कडे बघून मॅट कमजोर आहे असं ठरवलंत आणि तिथून पुढचं सगळं झालं. मोठी मॅट आणली असती तरी तो आकडा फारसा हलला नसता.

म्हणून हीटरच्या आधी मोजायची साधनं घ्या. वायरवाला डिजिटल थर्मामीटर, शक्यतो दोन, एकाचा प्रोब (वायरच्या शेवटचं मोजणारं टोक) गरम बाजूच्या लपायच्या जागेत अगदी जमिनीवर जिथे प्राण्याचं पोट टेकतं तिथे, दुसऱ्याचा गार बाजूला. किमान-कमाल लक्षात ठेवणारा मिळाला तर फारच उत्तम, का ते पुढे सांगते. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर तो पृष्ठभागासाठी मस्त आहे पण झाकण उघडून वरून मारायचा, काचेतून मारलात तर तो काचेचंच तापमान दाखवेल. आणि थर्मोस्टॅटचा प्रोब कुठे आहे ते बघा, तो नुसता सोडून दिलेला नको, पक्का बसवलेला हवा. कारण प्राण्याने ढकलून तो गार कोपऱ्यात नेला की थर्मोस्टॅटला वाटतं अजून गारच आहे आणि तो मॅट चालूच ठेवतो. पाण्याच्या भांड्यात पडला तरी तेच. मॅटवर मातीचा किंवा भुश्शाचा जाड थर असेल तर तोही कमी करा, वर ऊब पोचत नाही आणि खाली काच तापत राहते, गेको उकरत खाली गेला की नेमका त्या तापलेल्या काचेवर जाऊन बसतो.

पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की आख्खा टँक एकसारखा गरम व्हायला हवा. तसं नकोय. ह्या प्राण्यांचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही, ते जागा बदलून तापमान सांभाळतात, गरम होऊन आले की गार बाजूला, मग परत गरम. म्हणून एक टोक गरम, एक टोक गार, आणि दोन्हीकडे लपायला जागा, म्हणजे लपायचं की उबेला जायचं असं निवडायची वेळ त्यांच्यावर येत नाही. लेपर्ड गेकोला गरम बाजूची जमीन 31 ते 33 आणि गार बाजू 24 ते 26 पुरते. पायथनचे आकडे जवळपास तेच आहेत, गरम जागा 31 ते 33, गार बाजू 25 ते 27. खरा फरक आहे तो रात्रीचा. धडधाकट मोठा गेको रात्री 20 पर्यंत आरामात राहतो. बॉल पायथनला मात्र रात्रीही 24 च्या खाली जाऊ द्यायचं नाही.

म्हणजे बघा, तुम्ही रात्री उठून दोघांसाठी सारखीच धावपळ करताय आणि त्यातली निम्मी लागतच नाहीये. घरचे म्हणतात ते गेकोच्या रात्रीपुरतं बऱ्यापैकी खरं आहे, हे त्यांना मोकळेपणाने सांगा, वादातला अर्धा जोर तिथेच जाईल. पण पुढचंही सांगा, की ह्या प्राण्यांना ऊब लागते ती पचायला आणि आजाराशी लढायला. बाहेरून ऊब मिळाली नाही तर पोटातलं पचत नाही, तिथेच कुजायला लागतं, आणि म्हणून पायथनने उंदीर ओकला. माझा अंदाज तोच आहे, कारण गार टँक हे ओकण्याचं अगदी नेहमीचं कारण. कुणी म्हणेल निसर्गात थंडीत झोपून काढतातच की काही सरपटणारे. काढतात, पण रिकाम्या पोटाने, हळूहळू तयारी होऊन, पुरेशा गारव्यात. तुमच्या टँकमधलं सध्याचं तापमान मधलंच आहे, झोपून जावं इतकं गार नाही आणि पचावं इतकं गरम नाही, आणि ह्या मधल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे राहिले की छातीचे आजार होतात.

आता मुख्य प्रश्न, ऊब आणायची कुठून. मी म्हणेन आधी जातेय कुठे ते बघा. वर आख्खी जाळी असलेला काचेचा टँक थंड खोलीत गरम करणं म्हणजे खिडकी उघडी ठेवून हीटर लावण्यासारखं आहे, गरम हवा वर चढते आणि सरळ निघून जाते, आणि पायथनच्या बाबतीत सोबत दमटपणाही घेऊन जाते. म्हणून पहिलं काम जाळीचं. पायथनच्या टँकची जाळी साधारण दोन तृतीयांश झाका, अॅक्रिलिकची शीट किंवा अॅल्युमिनियम फॉइल काहीही चालेल. दिव्याच्या आजूबाजूची जागा मोकळी सोडा, आणि यूव्हीबी ट्यूब (उन्हातले अतिनील किरण देणारी) जाळीच्या वर असेल तर तिच्याखाली काही घालू नका कारण साधी काच किंवा प्लास्टिक मध्ये आलं की यूव्हीबी जवळजवळ सगळं अडतं. हवा खेळायला जागा राहायलाच हवी. गार, ओलसर आणि कोंदट हे तिन्ही एकत्र आलं की छातीचा संसर्ग ठरलेला, तेव्हा काचेवरून पाणी ओघळायला लागलं तर समजा जास्त झाकलंय.

दुसरं काम थर्माकोलचं. टँकची मागची बाजू आणि दोन्ही कडेच्या बाजू बाहेरून थर्माकोल शीटने झाका, दोन-अडीच सेंटीमीटर जाडीची, टेपने घट्ट, मध्ये फट राहू न देता. आतून लावू नका, गेको कुरतडेल, पायथन मागे घुसेल. समोरची काच बघायला मोकळी ठेवा, रात्री तिच्यावर एक जाड ब्लँकेट सोडा. दिव्यापासून आणि हीटरपासून थर्माकोल आणि ब्लँकेट दोन्ही लांब ठेवा, दोन्ही पेट घेतात. टँक जमिनीवर असेल तर टेबलावर किंवा रॅकवर उचला, खोलीत सगळ्यात गार हवा जमिनीलगत असते, आणि त्या बाहेरच्या भिंतीला टेकलेला असेल तर आतल्या भिंतीकडे सरकवा. मॅटच्या खाली हवेची थोडी फट राहू द्या, तिथे थर्माकोल कोंबू नका. हे सगळं एका दुपारचं काम आहे आणि ह्यानेच टँक काही अंशांनी वर येतो, विजेचा एकही जास्तीचा युनिट न जाळता.

मग राहिला पायथनच्या हवेचा प्रश्न, तो मॅटने सुटणार नाही हे आता लक्षात आलं असेल. त्याला वरून ऊब हवी. सिरॅमिक हीटर म्हणजे तो न उजळणारा बल्ब, किंवा डीप हीट प्रोजेक्टर, किंवा छताला लावायचं रेडिएंट पॅनल, तिन्ही उजेड न करता ऊब देतात म्हणून रात्री चालतात. काचेच्या टँकसाठी मला सिरॅमिक किंवा प्रोजेक्टर जाळीच्या वरून लावणं सोपं वाटतं, बंद लाकडी किंवा पीव्हीसी पेटी असेल तर पॅनल. सिरॅमिकचा पृष्ठभाग 200 अंशांच्या वर जातो, म्हणून होल्डर चिनी मातीचाच हवा, प्लास्टिकचा वितळतो, आणि जाळीसुद्धा त्याच्याखाली बरीच तापते तेव्हा साप तिथपर्यंत चढू शकत असेल तर फांद्या खाली करा. आत लावणार असाल तर भोवती तारेचा पिंजरा हवाच हवा, साप उबदार वस्तूला वेटोळं घालतो आणि सोडत नाही. सिरॅमिकला पल्स थर्मोस्टॅट (वीज थोडी थोडी चालू-बंद करून ऊब सांभाळणारा) चांगला. दिवसासाठी हॅलोजनचा दिवा घेतलात तर त्याला मात्र डिमिंगवाला (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा) लागतो, कारण पल्सवर लावला तर दिवा लुकलुकत राहतो. आणि लाल किंवा निळे 'नाइट बल्ब' घेऊ नका, त्यांना अंधारात अंधार हवा असतो. गरम होणारे खोटे दगड तर अजिबात नको, आत्ता मॅटचं जे सांगितलं तेच, फक्त जास्त वाईट.

गेकोला मॅट, थर्मोस्टॅट, थर्माकोल एवढ्यावर बहुतेक भागेल. हवा रात्री 20 च्या खाली जात असेल तर त्यालाही वरून छोटा सिरॅमिक लावा. कात टाकायला ठेवलेली त्याची ओली लपायची जागा मात्र रोज बघा, हीटर वाढवला की ती पटकन सुकते आणि बोटांवरची कात अडकून राहते.

रूम हीटरचं म्हणाल तर हिशोब करून बघा, मी अंदाजाने मांडते. दोन टँकचे सिरॅमिक धरून 150 वॅट, थर्मोस्टॅटमुळे समजा दिवसाचा निम्मा वेळ चालू, म्हणजे 24 तासांत 1.8 युनिट. 1500 वॅटचा हीटर रात्रभरात मिळून 4 तास जरी खरोखर चालू राहिला तरी 6 युनिट. तेव्हा दोनच टँक असतील तर टँक गरम करा, ज्यांच्याकडे आठ-दहा टँक एका खोलीत आहेत त्यांना खोली गरम करणं परवडतं. पण एक मधला मार्ग आहे जो लोक विसरतात. ऊब किती गळते हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. टँक 27 आणि खोली 12 तर फरक 15, तोच टँक 18 अंशांच्या खोलीत नेला तर फरक 9, म्हणजे गळती तब्बल 40 टक्क्यांनी कमी. घरात एखादी आतली खोली असेल जिथे माणसं वावरतात, तर थंडीपुरता पायथनचा टँक तिथे हलवायचं घरच्यांशी बोलून बघा. लाइटबिलाचा वाद घालणाऱ्यांना हा आकडा दाखवा, कदाचित तेच जागा करून देतील. आणि खोलीत हीटर लावायचाच झाला तर तेलाचा, थर्मोस्टॅटवाला, सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये, एक्स्टेंशन बोर्डवर नाही. बंद खोलीत गॅसचा किंवा रॉकेलचा हीटर कधीच नको, तुमच्यासाठीही नाही आणि त्यांच्यासाठीही नाही. ज्या खोलीत रात्रभर सिरॅमिक चालतो तिथे धुराचा अलार्म असू द्या.

गरम पाण्याच्या बाटल्या बंद करा. बाटली पहिला अर्धा तास भाजण्याइतकी गरम असते, पहाटे गार पडलेली असते आणि मग तीच टँकची ऊब शोषत बसते, शिवाय दर वेळी झाकण उघडता तेव्हा साठलेली गरम हवा बाहेर. किमान-कमालवाला थर्मामीटर ह्यासाठीच म्हटलं होतं. रात्री रीसेट करून झोपा, सकाळी बघा रात्रीत सगळ्यात खाली किती गेलं. पायथनच्या टँकमध्ये 24 किंवा वर दिसलं तर तुमची झोप वसूल, 21 दिसलं तर दिवसा शांतपणे बदल करा, थोडी जास्त जाळी झाका किंवा हीटर एक नंबर वरचा घ्या. पहाटे 3 वाजता झोपेत घेतलेले निर्णय फार चांगले नसतात, थर्मोस्टॅट काढून टाकायचा निर्णयही असाच कधीतरी रात्री झाला असावा असं तुमचं पत्र वाचून वाटलं.

आता दोघांच्या तब्येतीचं. गेको तीन आठवडे खात नाही हे ऐकायला भयंकर वाटतं पण मोठा लेपर्ड गेको शेपटीत चरबी साठवतो आणि थंडीत खाणं कमी करतो, तेव्हा शेपटी जाडजूड असेल तर घाबरू नका. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डबा ठेवून आठवड्यातून एकदा वजन घ्या आणि लिहून ठेवा. वजन दहा टक्क्यांच्या वर उतरलं किंवा शेपटी बारीक व्हायला लागली तर व्हेट. जमिनीचं तापमान नीट झाल्यावर आठवडाभरात भूक उघडायला हवी. पायथनला मात्र लगेच काही देऊ नका, ओकल्यानंतर पोट सावरायला किमान 10 ते 14 दिवस जावे लागतात, भुकेला दिसला तरी. पाणी ठेवा, हाताळणी बंद. पुन्हा ओकला, नाकातोंडातून बुडबुडे किंवा चिकट लाळ आली, तोंड उघडं ठेवून श्वास घेतोय किंवा श्वासाला शिटीसारखा आवाज येतोय असं दिसलं तर त्याच दिवशी व्हेट, तापमान सुधारून वाट बघत बसायचं नाही.

वीज गेली तर काय करायचं हेही आधीच ठरवून ठेवा, थंडीत ते होतंच. टँकभोवती ब्लँकेटं गुंडाळा, हवेला फट ठेवून, झाकण उघडू नका, आणि खायला घालू नका. अशा वेळी मात्र गरम पाण्याची पिशवी कामाची, पण जाड टॉवेलात गुंडाळून टँकच्या बाहेरून, थर्माकोलच्या आत. बराच वेळ गेली तर पायथनला कापडी पिशवीत घालून तोंड बांधा आणि ती पिशवी खोक्यात ठेवून तुमच्या जवळ, पांघरुणाशेजारी ठेवा. काही तास 20 च्या आसपास गेले म्हणून लगेच काही होत नाही, मोठे प्राणी तेवढं सहन करतात. वीज आल्यावर घाईघाईने तापवू नका, नेहमीच्या सेटिंगवर सावकाश वर येऊ द्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, ज्यांच्याकडे वेगळे प्राणी आहेत, हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. बिअर्डेड ड्रॅगन ह्या सरड्याला दिवसा उन्हासारखी तापलेली जागा लागते, दगडाचा पृष्ठभाग 38 ते 42, आणि रात्री 18 पर्यंत गेलं तरी मोठ्याला चालतं, म्हणजे त्याच्या बाबतीत सगळी मेहनत दिवसाच्या दिव्यावर. क्रेस्टेड गेको उलटा, त्याला 28 च्या वरचं तापमान घातक. आपल्या प्राण्याचा रात्रीचा खालचा आकडा काय आहे एवढं आधी शोधा, मग खर्च करा.

आणि देऊन टाकण्याबद्दल. तुम्ही रात्री दोन-तीनदा उठताय म्हणजे तुम्हाला काळजी नाही असं कुणी म्हणू शकणार नाही, तुमच्याकडे नव्हती ती माहिती. म्हणून ह्या थकव्यात कायमचा निर्णय घेऊ नका. जाळी, थर्माकोल, वरची ऊब हे सगळं करून आठवडाभर रोज सकाळचा किमान आकडा लिहा. गेकोचं बहुतेक जमेलच. पायथनचा टँक सगळं करूनही 24 धरत नसेल आणि दुसरी खोली मिळत नसेल, तर ज्याच्याकडे उबदार खोली आणि सापाचा अनुभव आहे अशा कुणाकडे त्याला थंडीचे महिने राहू द्या, टँक, थर्मोस्टॅट, लिहिलेले आकडे सगळं सोबत देऊन. हवा गरम झाली की परत आणा. ह्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, त्याच्या तब्येतीसाठी मी स्वतः हाच पर्याय निवडेन.

एक शेवटचं, पायथनला 10-14 दिवसांनी पहिल्यांदा द्याल तो उंदीर नेहमीच्या निम्म्या आकाराचा असू द्या, आणि त्याआधीच्या सलग 3 रात्री थर्मामीटरवर 24 च्या खालचा आकडा दिसलेला नसावा. दिसला असेल तर अजून थांबा.